गिअर असलेल्या हब मोटरची निगा आणि वंगण

विजेच्या सायकलीच्या चाकाच्या मध्यभागी जो जाड, गोल हब दिसतो त्यात मोटर असते, हे सायकल घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मात्र त्यातल्या पुष्कळ मोटरींच्या पोटात दातेरी चाकांची एक छोटी रचना असते, ती ग्रीसच्या भरवशावर चालते आणि तिची निगा घरच्या घरी राखता येते, ही माहिती दुकानात क्वचितच दिली जाते. इंदुरात राजेंद्र नगर, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरातून अशा सायकलीवर कामाला, शिकवणीला जाणारी मंडळी आता भेटतात आणि मोटरचा आवाज बदलला की त्यांना नेमके कोणाकडे जावे ते कळत नाही, कारण पंक्चर काढणारा मोटरला हात लावत नाही आणि विजेची कामे करणारा चाकाला हात लावत नाही. ज्यांनी मोटर कधीही उघडलेली नाही, अशा वाचकांसाठी हा लेख आहे.

मुख्य म्हणणे आधीच सांगतो. ही मोटर वारंवार उघडण्याची वस्तू नाही. बाहेरून करायची कामे नेमाने करावीत, मोटर कारण असेल तेव्हाच उघडावी आणि उघडल्यावर योग्य ग्रीस, योग्य जागी, थोडेच लावावे. वंगणाअभावी मोटरी बिघडतात, तशाच अति वंगणानेही बिघडतात आणि नवख्या हातून दुसरी गोष्ट अधिक घडते. सायकल वॉरंटीत असेल तर मोटर उघडण्याआधी कंपनीची पुस्तिका वाचावी, कारण झाकण उघडताच वॉरंटी संपते अशी अट बहुधा असते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, इतर अटी पाळलेल्या असतील तर, २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची सायकल मोटार वाहनात मोडत नाही, म्हणून तिला नोंदणी लागत नाही. पुढे जे लिहिले आहे ते याच वर्गातल्या साध्या सायकली डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

आत काय असते

हब मोटरींचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात गिअर नसतात आणि मोटर चाकाला थेट फिरवते. दुसऱ्यात मोटर आणि चाक यांच्यामध्ये गिअर असतात. आपली मोटर कोणती हे ओळखायला ती उघडावी लागत नाही. सायकल बंद ठेवून मोटरचे चाक जमिनीपासून उचलावे आणि हाताने आधी पुढे, मग मागे फिरवावे. पुढे फिरवताना चाक मोकळे फिरत असेल आणि मागे फिरवताना आत काहीतरी घरघरत असेल व हाताला विरोध जाणवत असेल, तर मोटर गिअरची आहे. दोन्ही दिशांना सारखेच हलके झटके जाणवत असतील तर ती थेट फिरणारी मोटर आहे. तिच्यात वंगण लागणारे गिअरच नसल्यामुळे या लेखातला वंगणाचा भाग तिला लागू होत नाही.

गिअर कशासाठी, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. २६ इंची चाकाचा परीघ साधारण २.०७ मीटर असतो, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना ते मिनिटाला सुमारे २०० फेरे घेते. लहान मोटरला इतक्या कमी फेऱ्यांवर पुरेसा जोर देता येत नाही, म्हणून तिचा रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेतो आणि गिअर तो वेग साधारण पाचास एक या प्रमाणात उतरवतात. वेग जितका उतरतो, तितका जोर वाढतो. याच कारणामुळे ही मोटर हलकी असूनही चढावर सायकल ओढते.

रोटरच्या मध्यावर एक लहान पोलादी गिअर असतो, त्याच्याभोवती तीन मध्यम गिअर असतात आणि त्या तिघांना वेढणारा, आतल्या बाजूने दाते असलेला मोठा कड्याचा गिअर हबच्या कवचात बसवलेला असतो. मधले तीन गिअर बहुधा नायलॉनचे असतात. नायलॉन स्वस्त असते म्हणून ते वापरले आहे, असा समज करून घेऊ नये. नायलॉनमुळे आवाज कमी होतो, आणि अचानक फार जोर आला तर आधी हे बदलता येणारे गिअर झिजतात व बाकीची रचना वाचते. नायलॉनचा शत्रू उष्णता आहे. तापल्यावर ते मऊ पडते आणि मऊ पडलेल्या दात्यावर जोर आला की दाता वाकतो किंवा सोलला जातो.

या गिअरांबरोबरच एक क्लच असतो, जो एका दिशेने धरतो आणि दुसऱ्या दिशेने सुटतो. मोटर जोर देते तेव्हा तो धरतो. मोटर बंद करून नुसते पेडल मारले किंवा उतारावर सायकल सोडली की तो सुटतो, आणि म्हणून बंद मोटरचे ओझे पायांना जाणवत नाही. याच क्लचमुळे अशा मोटरला ब्रेक लावताना बॅटरीत वीज परत घालता येत नाही.

न उघडता करायची कामे

निगेचा मोठा भाग बाहेरूनच होतो, म्हणून इथे घाई करू नये.

सर्वांत आधी एक्सलचे नट पाहावेत. साध्या चाकात एक्सल नुसते भार वाहते, पण हब मोटरचे एक्सल मोटरच्या जोराची उलट प्रतिक्रियाही झेलते. मोटर चाकाला पुढे ढकलते त्या वेळी एक्सल मागे फिरू पाहते. त्याला अडवायला एक्सलवर दोन्ही बाजूंनी चपटे काप असतात, ते चिमट्याच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या फाट्याच्या, खाचेत बसतात, आणि त्यावर एका कडेला दाता असलेला खास वॉशर किंवा टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी असते. नट सैल पडला की एक्सल खाचेत थोडे थोडे हलू लागते, खाच रुंदावते आणि एखाद्या दिवशी एक्सल गरकन फिरते. मग एक्सलमधून बाहेर येणाऱ्या तारा पिळवटून तुटतात आणि पुढच्या चाकात मोटर असेल तर चाकच निसटू शकते. म्हणून दर महिन्याला पान्याने नट तपासावेत. बहुतेक मोटरींना १८ मिलिमीटरचा पाना लागतो. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना, उपलब्ध असेल तर १२ मिलिमीटरच्या पोलादी एक्सलसाठी ३५ ते ४० न्यूटन-मीटर हा सर्वसाधारण आकडा आहे, मात्र पुस्तिकेत वेगळा आकडा दिलेला असेल तर तोच मानावा.

दुसरे काम तारेचे. मोटरची जाड केबल एक्सलच्या टोकातून बाहेर येते, आणि तिथून ती सरळ वर नेलेली असेल तर पावसाचे पाणी केबलवरून घरंगळत थेट एक्सलच्या छिद्रात शिरते. केबल बाहेर आल्यावर आधी खाली झुकून मग वर जायला हवी, म्हणजे पाणी त्या झुकावाच्या तळाशी गळून पडते. एक झिप टाय कापून नवीन बांधण्याइतके हे लहान काम आहे, पण पावसाळ्यात मोटर वाचवणारे याहून स्वस्त काम मला माहीत नाही.

पाण्याबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोटर तापते तेव्हा आतली हवा फुगून फटींमधून बाहेर पडते आणि मोटर थंड होताना बाहेरची हवा आत ओढली जाते. उन्हातून आलेल्या तापलेल्या मोटरवर एकदम थंड पाणी ओतले तर हवेबरोबर पाणीही आत ओढले जाते. त्यामुळे सायकल धुण्याआधी ती सावलीत अर्धा-पाऊण तास उभी करावी, हब ओल्या फडक्याने पुसावा, आणि गाड्या धुण्याच्या दुकानातला जोराचा फवारा हबजवळ कधीही नेऊ देऊ नये. माळव्यातली काळी माती पावसात लोण्यासारखी चिकटते आणि चाक व चिमटा यांच्यामध्ये थर धरते. ती वाळण्याआधीच लाकडी काडीने काढली तर नंतर पाण्याचा मारा करावा लागत नाही. रंगपंचमीच्या दिवशी राजवाड्याच्या परिसरात गेरीचे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीचे, टँकर रंगाचे पाणी उडवत असतात, त्या गर्दीत विजेची सायकल नेऊ नये, एवढेच सुचवतो.

तिसरे काम ऐकण्याचे. नव्या मोटरचा आवाज एकसारखा, बारीक आणि वेगाबरोबर चढत जाणारा असतो. तो आवाज कानात बसवून घ्यावा. पुढे तो खरखरीत झाला, तर ग्रीस दात्यांवरून बाजूला सरकले आहे किंवा वाळले आहे असे समजावे. ठराविक अंतराने टकटक येत असेल तर एखादा दाता तुटला असण्याची शक्यता असते. मोटर बंद असतानाही, नुसते पेडल मारताना गुरगुर ऐकू आली तर संशय बेरिंगवर घ्यावा. आणि मोटर भरभर फिरल्याचा आवाज येतो पण चाकाला जोर मिळत नाही, अशी अवस्था असेल तर गिअर सोलले गेले आहेत किंवा क्लच घसरतो आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा थ्रॉटल (हँडलवरून मोटरला वेग देणारी मूठ किंवा खटका) देऊन पाहू नये, कारण नायलॉनचा चुरा आतल्या चांगल्या गिअरांतही जातो.

चाक मागे फिरवताना नेहमीपेक्षा फारच जड लागत असेल, तर मोटर उघडण्याआधी एक सोपी चाचणी करावी. मोटरच्या केबलचा जोड सोडवावा आणि चाक पुन्हा मागे फिरवून पाहावे. जोड सोडवल्यावर चाक हलके झाले तर दोष बहुधा कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या नियंत्रक पेटीत, आहे आणि मोटर उघडून काहीही हाती लागणार नाही.

उष्णतेबद्दल थोडे. साध्या प्रतीचे निओडायमियम चुंबक ८० अंश सेल्सियसच्या वर तापले की त्यांची शक्ती कायमची कमी होऊ लागते. मे महिन्यात इंदुरात पारा ४० अंशांच्या वर असतो, म्हणजे मोटर सुरू होण्याआधीच निम्मी मर्यादा संपलेली असते. मोटर सर्वांत जास्त तापते ती वेगात नव्हे, तर संथ वेगात पूर्ण जोर लावताना. पिपल्याहाना पुलासारख्या चढावर पाठीमागे सामान बांधून, पाय न हलवता, केवळ थ्रॉटलवर सायकल चढवली तर विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. चढावर आणि थांब्यावरून सुटताना चार-सहा पेडल मारण्याची सवय लावली तर नायलॉनचे गिअर कितीतरी जास्त टिकतात.

ग्रीस कोणते घ्यावे

ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा घट्ट पदार्थ यांचे मिश्रण. घट्टपणा क्रमांकाने सांगतात. क्रमांक २ हा बेरिंगसाठी सर्रास वापरला जाणारा, लोण्याइतका घट्ट प्रकार आहे, तर १ आणि ० हे क्रमाने अधिक सैल असतात. हब मोटरच्या गिअरांसाठी १ किंवा २ क्रमांकाचे, कृत्रिम तेलाचे आणि नायलॉनला चालेल असे डब्यावर स्पष्ट लिहिलेले ग्रीस घ्यावे. फार सैल ग्रीस गरम झाल्यावर वाहत जाऊन मोटरच्या तारांच्या वेटोळ्यांवर पोहोचते; फार घट्ट ग्रीस दात्यांनी एकदा बाजूला लोटले की परत दात्यांवर येत नाही आणि दाते कोरडे राहतात.

सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात नुसते ग्रीस मागितले तर दुकानदार चेसिस ग्रीस किंवा गाड्यांच्या बेरिंगचे ग्रीस पुढे करतो, कारण त्याच्याकडे रोज तेच खपते. चेसिस ग्रीस बहुधा कॅल्शियमचे असते. ते पाण्याला चांगले टिकते, पण उष्णतेत पातळ होते, म्हणून ते इथे नको. लिथियमचे बेरिंग ग्रीस उष्णतेला टिकते, त्याचा द्रवणबिंदू १८० अंशांच्या आसपास किंवा वर असतो, आणि दुसरे काहीच मिळत नसेल तर चांगल्या कंपनीचे लिथियम ग्रीस चालू शकते; तरीही त्यात कोणती रसायने मिसळली आहेत आणि ती प्लास्टिकला चालतात का, हे डब्यावर वाचल्याशिवाय घेऊ नये. ग्रॅफाइट घातलेले काळे ग्रीस मोटरमध्ये अजिबात वापरू नये, कारण ग्रॅफाइटमधून वीज वाहते. डब्ल्यूडी-४० सारखे फवारे गंज सोडवायला उत्तम आहेत, मात्र ते गिअरवर मारले तर आहे ते ग्रीसही धुऊन नेतात. स्वयंपाकघरातले तेल काही आठवड्यांत चिकट होऊन धूळ धरते, त्यामुळे त्याचा विचारही करू नये.

क्लचला मात्र हे ग्रीस लागत नाही. क्लचच्या आत बारीक रोलर असतात आणि ते हलक्या स्प्रिंगच्या दाबावर सरकून जागेवर अडकतात. घट्ट ग्रीसमध्ये ते रोलर रुतून बसतात, वेळेवर सरकत नाहीत आणि मोटर चालू करताच क्लच घसरतो. त्याला शिवणयंत्राच्या तेलासारख्या हलक्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात.

कधी उघडावी

कारखान्यात भरलेले ग्रीस नीट असेल तर ते काही हजार किलोमीटर सहज पुरते, त्यामुळे दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईबरोबर मोटरही उघडण्याची गरज नाही. आवाज बदलला, चाक पाण्यात बुडाले, किंवा सायकल तीन-चार वर्षे रोज चालली आहे आणि तिची कधीच तपासणी झालेली नाही, अशा तीन प्रसंगी ती उघडावी. पावसाळ्यात हबपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यावरून जावे लागले असेल तर वाट पाहू नये. गंज बेरिंगमध्ये काही दिवसांतच धरतो.

उघडण्याची कृती

१८ मिलिमीटरचा पाना, अ‍ॅलन कींचा संच, चार पाकळ्यांचा चांगला स्क्रूड्रायव्हर, रबरी हातोडी, सर्कलिप (भाग जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढायचा प्लायर, जुने सुती कापड, दात घासण्याचा जुना ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ग्रीस आणि कायमच्या शाईचे पेन एवढे जवळ ठेवावे. डिस्क ब्रेक असेल तर टी-२५ मापाची टॉर्क्स कीही लागते. काम करण्याची जागा स्वच्छ हवी आणि तिथे लोखंडाचा कीस अजिबात नको, कारण मोटरमधले चुंबक तो ओढून घेतात आणि एकदा चिकटलेला कीस काढणे फार जिकिरीचे असते.

बॅटरी काढून दूर ठेवावी आणि त्यानंतर सायकलचे बटण एकदा सुरू करून बंद करावे, म्हणजे कंट्रोलरमध्ये साठलेली उरलीसुरली वीज निघून जाते. मोटरच्या केबलचा जोड शोधावा. त्याच्या दोन्ही तुकड्यांवर बाण किंवा रेघ असते. जोड पिळून काढायचा नसतो, सरळ ओढायचा असतो, कारण पिळले तर आतल्या बारीक पिना वाकतात. मग चाक काढण्याआधी दोन्ही बाजूंच्या नट-वॉशरचे मोबाइलवर जवळून फोटो घ्यावेत. कोणता वॉशर चिमट्याच्या आत होता, कोणता बाहेर आणि दाता असलेल्या वॉशरचे तोंड कुठे होते, हे तासाभरानंतर हमखास आठवत नाही.

चाक काढून एका जुन्या चादरीवर आडवे ठेवावे. झाकणाचे स्क्रू कोणत्या बाजूला आहेत ते पाहावे. मागच्या चाकात ते ब्रेकच्या डिस्कखाली किंवा फ्रीव्हीलखाली (साखळीच्या मागच्या दातेरी चाकाखाली) असू शकतात. डिस्क काढावी लागली तर ती कागदात गुंडाळून वेगळ्या खोलीत ठेवावी. तिच्यावर ग्रीसचे बोट लागले तरी ब्रेक धरत नाही. फ्रीव्हील काढायला तिच्या खाचेचे अवजार लागते आणि ते बहुतेक सायकल दुकानांत असते, त्यामुळे तेवढे काम तिथून करून आणणे शहाणपणाचे ठरते.

झाकण आणि कवच यांच्यावर पेनाने एक आडवी रेघ मारावी, म्हणजे बसवताना झाकण त्याच जागी बसेल. स्क्रू एकामागून एक न काढता समोरासमोरचे आळीपाळीने सैल करावेत. झाकण चिकटलेले असेल तर फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये. त्या कडेवर पडलेली एक खोल चर पुढे कायम पाणी आत घेते. कडेने रबरी हातोडीने फिरत हलके ठोके द्यावेत. तरीही झाकण निघाले नाही तर ज्या टोकातून केबल येत नाही, त्या टोकावर नट एक्सलच्या माथ्याबरोबर येईल असा चढवावा, म्हणजे आटे सुरक्षित राहतात, आणि चाक दोन्ही हातांनी उचलून ते टोक लाकडी फळीवर हलकेच आपटावे. दोन-तीन वेळा केल्यावर मोटरचा गाभा झाकणासह सुटा होतो. केबलच्या टोकावर मात्र कधीही ठोकू नये.

गाभा बाहेर काढताना बोटे सांभाळावीत, चुंबकाची ओढ अनपेक्षितपणे जोरात असते. काही मोटरींमध्ये झाकण उघडताच गिअर समोर दिसतात, काहींमध्ये गिअर व क्लच हे गाभ्यावर असतात आणि कड्याचा गिअर कवचात राहतो. दोन्ही प्रकारांत गिअरपर्यंतच थांबावे. रोटर आणि तारांची वेटोळी एकमेकांपासून सुटी करण्याचे काम नवख्याने हाती घेऊ नये. तिथे ग्रीस लागत नाही आणि चुंबकाच्या ओढीने परत बसवताना वेटोळ्यांचे वार्निश खरवडले जाते.

आत काय पाहावे

जुने ग्रीस पुसण्याआधी ते नीट बघावे, कारण मोटर कशी वापरली गेली हे तेच सांगते. तपकिरी आणि मऊ असेल तर सगळे ठीक आहे. दुधाळ किंवा पांढुरके झाले असेल तर आत पाणी गेले आहे, आणि मग बेरिंगही तपासणे आले. बोटांत चोळल्यावर चमकणारे कण दिसले तर धातू झिजतो आहे. लोकमान्य नगरातल्या एका शिक्षिकांची सायकल अशीच उघडली होती, तेव्हा कड्याच्या गिअरच्या दात्यांमध्ये नायलॉनचे पांढरे, तांदळाच्या कणीएवढे तुकडे अडकलेले होते आणि तीनपैकी एकाच गिअरचे दोन दाते गेले होते. बाकीचे दोन वरकरणी चांगले दिसत होते, पण बोटाने चाचपल्यावर त्यांच्या दात्यांची एक बाजू धारदार झालेली कळत होती. गिअर एकच खराब झाला असला तरी तिन्ही एकदम बदलावेत, असे म्हणतात ते याचसाठी. नवे गिअर घेताना दाते मोजावेत, व्यास आणि जाडी मोजावी आणि जुना गिअर सोबत न्यावा.

क्लच हाताने फिरवून पाहावा. एका दिशेने तो मऊपणे फिरला पाहिजे आणि दुसऱ्या दिशेने लगेच, घसरल्याशिवाय धरला पाहिजे. तो काढावा लागला तर सर्कलिप प्लायरने सर्कलिप काढावी; काही मोटरींत क्लच आणि एक्सल यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराची पोलादी चावी असते, ती निसटून चादरीच्या घडीत हरवते, म्हणून क्लच उचलताना दुसरा हात खाली धरावा. बेरिंग बोटाने फिरवावे. खरखर लागली तर त्यावर बाहेरून ग्रीस चोपडून काही होत नाही. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले बेरिंग बदलणेच योग्य. बेरिंगवर क्रमांक कोरलेला असतो. एक्सलवर सर्रास आढळणाऱ्या ६००१ क्रमांकाच्या बेरिंगचे माप आतून १२, बाहेरून २८ आणि जाडीला ८ मिलिमीटर असते. क्रमांकापुढे २आरएस असेल, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असेल, तेच घ्यावे.

साफसफाई, ग्रीस आणि बंद करणे

जुने ग्रीस लाकडी काडीने आणि कापडाने काढावे, दात्यांमधले ब्रशने. ब्रशला थोडे अल्कोहोल लावावे. ज्वलनशील असल्यामुळे हे काम खिडकी उघडी ठेवून आणि देवघरातला दिवा किंवा गॅस जवळ नसताना करावे. पेट्रोल वापरू नये आणि कोणताही द्रव ओतून गाभा धुऊ नये, कारण तो वेटोळ्यांत आणि बेरिंगच्या सीलमध्ये शिरतो. सगळे पूर्ण वाळू द्यावे.

आता ग्रीस. प्रत्येक गिअरच्या दात्यांमधल्या खाचा भरतील इतके ग्रीस बोटाने दाबून लावावे, कड्याच्या गिअरलाही आतून एक वळसा द्यावा, आणि मग गिअर हाताने काही फेरे फिरवावेत. फिरवल्यावर ग्रीसच्या थरातून दात्यांचा आकार स्पष्ट दिसला पाहिजे. दाते दिसेनासे झाले असतील तर ग्रीस जास्त झाले आहे. ते काडीने काढून टाकावे. उरलेले ग्रीस वाया जाऊ नये म्हणून कवचात भरून ठेवण्याचा मोह होतो, पण ते ग्रीस फिरत्या कवचाबरोबर उडते, वेटोळ्यांवर बसते, तिथली उष्णता बाहेर पडू देत नाही आणि क्लचमध्येही जाते. नायलॉनच्या गिअरच्या मधल्या छोट्या बेरिंगला सील नसेल तर तिथे ग्रीसचा एक बारीक ठिपका पुरतो.

बंद करण्याआधी कवचाची आणि झाकणाची कड कोरडी पुसावी. आधी रबरी गॅस्केट असेल तर तेच लावावे. सीलंटने चिकटवलेले असेल तर तटस्थ प्रकारचे सिलिकॉन सीलंट अगदी पातळ लावावे; लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन तांब्याला गंजवते, ते टाळावे. पेनाची रेघ जुळवून झाकण बसवावे, स्क्रू पुन्हा समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि चाक हाताने फिरवून पाहावे. कुठे घासल्यासारखे वाटले तर जोर न लावता झाकण पुन्हा उघडून गाभा सरळ बसला आहे का ते बघावे. सीलंट वाळायला रात्रभर वेळ द्यावा.

फोटो पाहून वॉशर त्याच क्रमाने लावावेत, एक्सलचे चपटे काप खाचेत तळापर्यंत बसले आहेत याची खात्री करावी, नट आवळावेत आणि केबलचा झुकाव पुन्हा तसाच ठेवावा. चाक उचललेले असतानाच बॅटरी लावून मोटर कमी वेगाने मिनिटभर चालवावी. सुरुवातीला ग्रीस पसरेपर्यंत आवाज थोडा दबलेला येतो. मग सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे चालवून हबला हात लावून पाहावा. तो कोमट असणे ठीक आहे, हात ठेवता येत नसेल इतका तापला असेल तर कुठेतरी घासते आहे. पहिले वीस-तीस किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत, कारण नवीन बसवलेले वॉशर थोडे दबतात.

वापरलेल्या ग्रीसच्या डब्याचा, त्यावरचा क्रमांक आणि प्रकार वाचता येईल असा, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावा आणि त्या दिवशीचे किलोमीटर सोबत लिहावेत. ग्रीसमधला घट्ट पदार्थ वेगवेगळा असतो. लिथियमच्या ग्रीसवर पॉलियुरियाचे ग्रीस चढवले तर मिश्रण पातळ होऊन वाहू शकते. पुढच्या वेळी तेच ग्रीस मिळाले तर वरून थोडे लावता येते, आणि वेगळे मिळाले तर जुने पूर्ण काढूनच नवे लावावे लागते.